जावा, प्रिया आणि शंभर फुटीवरचा लेथ

गुरुवार

जुलैचा दुसरा रविवार म्हणजे जुन्या जावा-येझदी मोटरसायकलवाल्यांचा वर्षाचा सण. त्या सकाळी देशभर ठिकठिकाणी ही मंडळी गाड्या पुसून-बिसून एकत्र जमतात आणि गावातून एक फेरी मारतात. यंदा सांगलीच्या मित्रांनी आग्रहाने बोलावलं. फेरी रविवारी असली तरी गुरुवारीच घर सोडलं, कारण हायवेने जायचं नव्हतं. साताऱ्याहून कराडमार्गे सांगली साधारण सव्वाशे किलोमीटर, पण सहापदरीकरणाच्या डायव्हर्शनमधून, कंटेनरच्या शेजारून, सहा व्होल्टच्या दिव्यावर जावा नेणं म्हणजे गाडीचेही हाल आणि माणसाचेही. त्यापेक्षा कोरेगाव, औंध, कुंडल, तासगाव असं आतल्या अंगाने जायचं ठरलं. वेळ लागला तर लागू दे.

माझी जावा १९६८ सालची, थोरल्या मामांनी घेतलेली. रुस्तम आणि फारोख इराणी यांनी १९६० मध्ये मैसूरला आयडियल जावा कंपनी काढली, पुढच्या वर्षी चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर तिथून गाड्या निघू लागल्या, सत्तरच्या दशकात नाव येझदी झालं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, ही तिची लांबूनच पटणारी ओळख. किक आणि गिअर एकाच दांडीवर. दांडी आत दाबून फिरवली की ती किक होते, गाडी चालू झाली की तीच खाली येऊन गिअर होते. गिअर टाकताना दांडीवर पाय पडला की क्लच आपोआप सुटतो, डाव्या हाताने दाबला नाही तरी चालतं. मामांचा डावा हात लहानपणी चरकात सापडून अधू झाला होता. त्यांनी हीच गाडी का घेतली ते मला फार उशिरा, इंजिन उघडून बघितल्यावर कळलं.

मावसभाऊ मागे प्रिया स्कूटर घेऊन होता. ती तर गावचीच लेक. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि साताऱ्याच्या एमआयडीसीत प्रिया बनू लागली. स्कूटरचा नंबर लागायला तेव्हा वर्षं जायची. त्याच्या वडिलांनी नंबर लागल्यावर घेतलेली ही स्कूटर आजही सकाळी जरा तिरकी करून सरळ केली की किकला उठते. साताऱ्यात बनलेल्या किती स्कूटर साताऱ्यातच भंगारात गेल्या हे डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून तिचं कौतुक मला जास्त.

माहुलीच्या पुलावरून पाहिलं तर कृष्णा-वेण्णेच्या संगमावर पाणी गढूळ होऊन चढलेलं. पाऊस बारीक होता पण थांबत नव्हता. पॉइंटच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या ठिणगीच्या गाडीला पावसाची धास्ती असतेच. कॉइलभोवती प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून रबराने बांधली होती, वाट पाहूनही मिसफायर झाला नाही. कोरेगावातून लगेच रहिमतपूरकडे न वळता आधी सातारारोडला गेलो. धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये इथे कारखाना उभा केला. आधी लोखंडी नांगर, पुढे डिझेल इंजिनं. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, होते. मोटरसायकलशी त्यांचा थेट संबंध काही नाही. पण गाड्या मैसूरला नाहीतर मद्रासला बनल्या, आणि चालत्या राहिल्या त्या मात्र अशा कारखान्यांच्या आसऱ्याने शिकलेल्या फिटर-टर्नरांच्या हातांवर, असं माझं मत आहे. पुढे सांगलीत ते आणखी पक्कं झालं.

रहिमतपूर ओलांडलं आणि पाऊस मागे राहिला. खटावात नेहमीचंच, ढग वरून जातात आणि खाली वारा. औंधला यमाईच्या डोंगराचा चढ लागला तसा मावसभाऊ मागून हॉर्नवर हॉर्न मारायला लागला.

“दादा, धूर बघ की मागं. मला रस्ताच दिसंना झालाय.”

टू-स्ट्रोकचा धूर सगळ्यांना माहीत असतो. हा तो नव्हता. हा पांढरा, जाड आणि वासाला जळक्या गिअर ऑइलसारखा. प्लग काढला तर तेलाने माखलेला. गिअरबॉक्सचं तेल पाहिलं, घरून निघताना बरोबर पातळीला होतं, आता खाली. म्हणजे निदान झालंच. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा (क्रँक) फिरतो त्या बंद पेटीत येतं, तिथे दाबलं जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये जातं. त्यामुळे क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सीलं, म्हणजे तेल-हवा अडवणारी रबरी कडी, धड असावीच लागतात. जावाच्या उजव्या बाजूला डायनॅमो असतो. तिकडचं सील गेलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि एक दिवस जाम होतं, तेही काहीही न सांगता. डाव्या बाजूला चेन आणि क्लच तेलात असतात. तिकडचं गेलं तर इंजिन तेच तेल पितं आणि धूर करून ओरडून सांगतं. आमचं डावं गेलं होतं. गाडी चालवता येण्यासारखी होती, फक्त थांबून-थांबून तेल टाकायचं आणि प्लग पुसायचा.

औंधचं संग्रहालय या वेळी बाहेरूनच पाहिलं.

पुसेसावळीला चहाला थांबलो तर गाड्यांभोवती घोळका. एक म्हातारे आजोबा काठी टेकत आले, टाकीवरच्या क्रोमवरून बोट फिरवलं. “ह्यी जावा न्हवं का? बुलेट पाटलाची, जावा मास्तराची आन राजदूत आमच्यासारख्या दूधवाल्याची.” त्यांची राजदूत एकशे पंचाहत्तर होती. एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल गाडीवरून बेतलेली, दिसायला बेढब, ओढायला बैल. दोन्ही अंगांना किटल्या लावून डेअरीला दूध घालायचे. “गाडी इकली त्या दिशी मी जेवलो न्हाई,” म्हणाले. त्यांच्या नातवाने हळूच मला विचारलं, अशी राजदूत आता कितीला मिळेल. मी त्याला किंमत सांगितली नाही, विकत घेताना काय बघायचं ते सांगितलं. चॅसिस नंबरचा ठोकलेला ठसा घासलेला नाही ना ते बघ, आरसी बुकाशी ताडून बघ. रंग, सीट, रबर सगळं नवं करता येतं. नंबर गेला तर गाडी गेली.

कडेगाव, वांगी करत संध्याकाळी कुंडलला आत्याकडे पोहोचलो.

शुक्रवार

आत्याचे यजमान, आमचे मामा, किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात टर्नर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण घरात अजून मायक्रोमीटर तेल लावून कापडात गुंडाळून ठेवलेला. सकाळी उठून पाहतो तर मामा जावाजवळ बसलेले. मला हाक मारून म्हणाले, “डायनॅमोचं झाकण काढ.”

झाकण काढलं. मामांनी क्रँकच्या टोकावरचं आर्मेचर दोन बोटांत धरलं, डोळे मिटले आणि वरखाली हलवलं. मग माझी बोटं तिथे ठेवली. अगदी बारीक, ऐकू न येणारी पण बोटांना कळणारी टिकटिक. “कळ्ळं? सील एकटं गेलं न्हाई. बेअरिंग गेलंय, म्हणून क्रँक नाचतोय, म्हणून सील फाटलंय. नुसतं सील घातलंस तर दिवाळीपर्यंत परत ह्येच.” सांगलीत शंभर फुटी रोडजवळच्या एका लेथवाल्याचं नाव त्यांनी सांगितलं. फोन केला नाही. “माझं नाव सांग, आन क्रँक दाखव. बाकी त्यो बघतो.”

निघताना मामा किर्लोस्करवाडीच्या फाटकापर्यंत मागे बसून आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला आणि बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर १९१० मध्ये ही वाडी वसवली. तेव्हा स्टेशनचं नाव कुंडल रोड होतं. पुस्तकातून हे सगळ्यांना पाठ असतं. मामांनी सांगितलं ते मला जास्त मोलाचं वाटलं. कारखान्यात नांगर आणि पंप बनत होते, पण शिफ्ट सुटल्यावर आसपासच्या गावातली पोरं हातातलं काम घेऊन घरी जायची. कुणी विहिरीवरचं इंजिन उघडायचं, कुणी गुऱ्हाळाच्या चरकाचा बुश कातून द्यायचं. पलूस, कुंडल, तासगाव या पट्ट्यात गावागणती एक लेथ आला तो असा. मोटरसायकल हा त्या हातांना जोडधंदा होता. ज्याने आठ घोड्यांचं इंजिन माळावर, चिखलात, बॅटरीच्या उजेडात जुळवलंय, त्याला अडीचशे सीसीचं भय कसलं?

तासगावला गणपतीच्या सात मजली गोपुरासमोर गाड्या लावून दर्शन घेतलं. सावलीत बसलो, बेदाणे घेतले, प्लग पुन्हा पुसला. प्रिया दिवसभर एकदाही कुरकुरली नाही. दुपारनंतर सांगली.

शनिवार

गॅरेज शंभर फुटी रोडला, लेथचं दुकान तिथून जवळच आतल्या गल्लीत. सकाळी इंजिन खाली उतरवलं, दोन तासांत टेबलावर सगळं उघडं झालं. क्रँक गोणपाटात गुंडाळून लेथवाल्या मिस्त्रींकडे नेला. मामांचं नाव सांगितलं. मिस्त्रींनी मान हलवली आणि क्रँक हातात घेतला.

दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड. एक जुना लेथ, एक प्रेस, एक ड्रिलिंग मशीन. भिंतीवर ऑइल पेंटने लिहिलेले आकडे: कुठल्या गाडीला कुठल्या मापाचं सील, कुठलं बेअरिंग. जावा, येझदी, राजदूत, आरएक्स शंभर, लॅम्ब्रेटा, आणि खाली वेगळ्या रंगात इंजिनपंपांची मापं. हे वडिलांच्या हातचं अक्षर, असं त्यांनी सांगितलं. वडील कृष्णाकाठच्या उपसा पंपांची इंजिनं करायचे. विजेच्या मोटारी आल्या, इंजिनं कमी झाली, तेव्हा लेथवर मोटरसायकलचे क्रँक चढले. कंपन्या बंद पडल्यावर ज्या पुस्तकात शोधूनही माप सापडत नाही ते इथे भिंतीवर आहे. मी मिस्त्रींना विचारून फोटो काढून घेतला आणि रात्री वहीत सगळं उतरवून काढलं. अशा भिंती एका चुन्याच्या हाताने पुसल्या जातात.

जावाच्या क्रँकला दोन जड चकत्या असतात आणि दोन्हींच्या मधे एक पिन दाबून बसवलेली. त्या पिनेवर कनेक्टिंग रॉड रोलरवर फिरतो. मिस्त्रींनी प्रेसवर जुनी पिन काढली. काढताना एकच कडक आवाज आला आणि चकती सुटली. पिनेवर नखाला लागेल असा खळगा होता, रोलर चावून पडलेला. नवीन रॉड किट घातलं, चकत्या पुन्हा दाबल्या. इथपर्यंतचं काम कुठेही होतं. खरं काम पुढे.

क्रँक लेथच्या दोन सेंटरमधे धरला. एका टोकाला डायल गेज, म्हणजे केसाएवढा फरकही काट्याने दाखवणारं मापक, लावला. हाताने हळूहळू फिरवला तर काटा इकडून तिकडे पळाला. म्हणजे दोन्ही चकत्या एका रेषेत नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला क्रँक सरळच दिसतो, पण इतका वाकडेपणाही नवीन बेअरिंग आणि सील खाऊन टाकायला पुरेसा असतो. मिस्त्रींनी खडूने चकतीच्या कडेवर एक खूण केली, क्रँक सेंटरवरून काढून डाव्या तळहातावर घेतला आणि तांब्याच्या हातोड्याने खुणेच्या जागी एक टोला दिला. जोरात नाही. पुन्हा सेंटरला लावला, फिरवला, काटा पाहिला. पुन्हा खूण, पुन्हा टोला, आता आधीपेक्षा हलका. असं किती वेळ चाललं ते मी मोजलं नाही, चहा येऊन गार झाला. प्रत्येक टोल्याआधी ते क्षणभर थांबत. कुठे मारायचं हे काटा सांगतो, किती जोरात हे कुणीच सांगत नाही. शेवटी काटा दोन शतांश मिलिमीटरच्या आत थरथरला आणि थांबला. मिस्त्रींनी मला म्हटलं, “तुम्ही फिरवून बघा.” फिरवला. काटा जवळजवळ जागचा हलला नाही.

त्यांचा पुतण्या आयटीआयला मशिनिस्टचा कोर्स करतो. सुट्टीत दुकानात येतो. तो म्हणाला, पुढे सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, नोकरी मिळेल. मिस्त्रींना त्याचं वाईट वाटत नाही. “पोरानं पगारावर जावं. लेथवर काय मिळतंय? पण वाकडा क्रँक बटणानं सरळ हुत न्हाई, त्यासाठी कुणीतरी हातोडा धराय पायजे.” पैसे सांगितले ते ऐकून मला संकोच वाटला. मोठ्या शहरात अशाच कामाचे कितीतरी जास्त घेतात, आणि डायल गेज लावतीलच याची खात्री नाही. मी त्यांना जास्त द्यायला गेलो तर त्यांनी घेतले नाहीत. ही आपल्या छंदाची खरी दुखरी बाजू आहे. क्रोमला आणि रंगाला आपण खळखळ न करता हजारो मोजतो आणि ज्याच्या कामावर गाडी चालते त्याच्याशी घासाघीस करतो. हे थांबायला पाहिजे.

गॅरेजमध्ये परत आल्यावर जुळवाजुळव. क्रँककेस गरम करून बेअरिंग अलगद आत सोडली. पॅकिंग तयार मिळालं नाही, तेव्हा गॅरेजच्या पोराने पॅकिंग पेपर केसवर अंथरला आणि छोट्या हातोडीने कडेकडेने टुकटुक करत तिथल्या तिथे कापला. भोकंसुद्धा हातोडीच्या गोल तोंडाने पाडली. सीलांच्या ओठांना ग्रीस, बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने. संध्याकाळी पेट्रोलमध्ये लिटरला चाळीस मिली ऑइल घालून टाकी उघडली. थोड्या किका कोरड्या गेल्या, मग ती बोलली. दोन्ही सायलेन्सरमधून तोच जुना टणटणीत आवाज. आधी साठलेलं तेल जळेपर्यंत गल्ली पांढरी झाली, शेजारच्या वेल्डिंगवाल्याने शिव्या दिल्या, आणि मग धूर निवळत निवळत नुसती निळसर रेघ उरली.

रविवार

सकाळी विश्रामबागला जमलो. जावा, येझदी, ऑइलकिंग, रोडकिंग, दोन जुन्या बुलेट पाहुण्या म्हणून, आणि आमची प्रिया. प्रियाला सगळ्यात जास्त मान मिळाला, कारण एका काकूंनी येऊन सांगितलं की लग्नानंतर त्या पहिल्यांदा हरिपूरला गेल्या त्या असल्याच स्कूटरवर. नवीन जावा घेऊन आलेली पोरंही होती. २०१८ ला नाव परत आलं, पण इंजिन फोर-स्ट्रोक. काही जुने लोक त्यांना बाजूला काढतात, ते मला पटत नाही. पोरगा नव्या गाडीवर आला तर जुन्या गाडीजवळ उभा तरी राहतो, आणि उभा राहिलेलाच कधीतरी पाना हातात घेतो.

फेरी गणपती मंदिरावरून आयर्विन पुलाशी आणि तिथून हरिपूरला. पुलाशी सगळे नकळत थांबतात आणि पाण्याची पातळी बघतात. सांगलीकराला चाळीस फुटांवर इशारा आणि पंचेचाळीसवर धोका हे पाढ्यासारखं पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथे पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं.

हरिपूरला संगमेश्वराच्या आवारात भडंग खात बसलो असताना एका येझदीवाल्याने त्या पुरातली गोष्ट सांगितली. घरात पाणी शिरलं तेव्हा म्हातारी आई आणि जनावरं काढण्यात गाडी राहिली. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर येझदी आडवी, टाकीपर्यंत चिखल. “सगळे म्हणाले किक मारून बघ. मी हात लावू दिला नाही.” हे त्याने फार बरोबर केलं. पाण्यात बुडालेल्या इंजिनाला किक मारली की आतला बारीक गाळ रोलरमध्ये आणि पिस्टनच्या रिंगच्या खाचांत जातो. उघडून धुतलं तर जे वाचलं असतं त्याला कायमचे चरे पडतात. त्याने प्लग काढून आत डिझेल ओतलं, तसंच राहू दिलं, मग घर आवरून झाल्यावर इंजिन पूर्ण उघडलं. क्रँककेसच्या तळाशी कृष्णेचा गाळ, हळदीच्या रंगाचा. डायनॅमोची कॉइल उन्हात आणि मग बल्बच्या उबेला कितीतरी दिवस सुकवली. वायरिंग सगळं टाकून नवं ओढलं. चाकं उघडून तारा बदलल्या, चाकाच्या रिंगचा वाकडेपणा काढला. आरसी बुक भिजून पानं चिकटली होती, ती एकेक करून सोडवून इस्त्रीच्या कपड्यात वाळवली.

टाकीच्या खालच्या बाजूला त्याने पुराचा डाग तसाच ठेवलाय. नवा रंग दिला तेव्हा पेंटरने विचारलं होतं, लांबी (पुट्टी) भरून सारखं करू का. हा नको म्हणाला. मला हे पटलं. गाडी कारखान्यातून आली तशीच दिसली पाहिजे असा हट्ट धरणाऱ्यांचा मी आदर करतो, बारीकसारीक स्क्रूपर्यंत त्यांचा अभ्यास असतो आणि तो नसता तर आम्हाला खरं काय ते कळलंच नसतं. पण घरात चाललेल्या गाडीवर घरात घडलेलं दिसलं तर त्यात उणं काय?

मग कागदांचा विषय निघाला, तो निघतोच. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते, नव्या नोंदणीची फी वीस हजार. पण मग ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढंच. ज्याची गाडी शोभेला आहे किंवा जिचे कागदच गेलेत त्याला ती वाट चांगली आहे. माझी जावा भाजी आणायला जाते. तिचा ‘एम’ने सुरू होणारा जुना तीन अक्षरी नंबर, थोरल्या मामांच्या नावाखाली माझं नाव आणि दर पाच वर्षांनी आरटीओच्या रांगेत उभं राहून केलेलं नूतनीकरण, हेच मला बरं वाटतं.

सोमवार

परतीला आष्टा, पेठ नाका, कराड असा सरळ रस्ता धरला, कारण मावसभावाला कामावर जायचं होतं. दोन्ही बाजूंना ऊस. याच उसाचं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के असतं. आमच्याही घरी ऊस आहे, तेव्हा इथेनॉलमुळे कारखान्याला पैसा मिळतो आणि बिलं वेळेवर निघायला मदत होते हे मला ठाऊक आहे. पण जुनी गाडी ठेवणाऱ्याने त्याची दुसरी बाजू समजून घ्यायलाच हवी. अल्कोहोल हवेतलं पाणी ओढतं. गाडी फार दिवस उभी राहिली की पाणी-अल्कोहोल वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसू शकतं, आणि आमच्या गाड्यांचा नळ तळातूनच ओढतो. टू-स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलबरोबर वरच राहतं, म्हणजे इंजिनाला ऑइल नसलेलं पाणी मिळतं. जुने पेट्रोल पाइप आणि वॉशर फुगतात. कॉर्कवरचं लाखेचं लुकण अल्कोहोलमध्ये विरघळतं. म्हणून गाडी उभी ठेवायची तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा, पाइप इथेनॉलला टिकणारे घाला, आणि प्लग पांढुरका दिसायला लागला तर मेन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची तोटी, एक नंबर मोठा बघा. कराडला चहा घेताना प्लग काढून पाहिला. कॉफीच्या रंगाचा. तेलाचा टिपूस नाही.

उंब्रजच्या पुढे प्रियाची क्लच केबल तुटली. डिकीत दुसरी होती, रस्त्याच्या कडेला पावसातच घातली. अंधार पडायच्या आत पोवई नाका गाठला.

आमच्या गल्लीतल्या एकाची येझदी गेल्या दिवाळीपासून उभी आहे. इंजिन जाम, क्रँक गेलाय असं तीन ठिकाणी सांगून झालंय आणि तो गाडी विकायच्या विचारात होता. त्याला रात्रीच भिंतीचा फोटो दाखवला. येत्या रविवारी इंजिन उघडायचं, क्रँक गोणपाटात शिवून साताऱ्याच्या स्टँडवरून एसटीच्या पार्सलने सांगलीला टाकायचा. मिस्त्रींचा पुतण्या तिथल्या स्टँडवर येऊन उतरवून घेतो म्हणालाय. रॉड किट आम्हीच शोधून देणार, आणि मिस्त्री सांगतील त्या पैशांत एक रुपया कमी करायचा नाही, हे येझदीवाल्याकडून आधीच कबूल करून घेतलंय.